गळा आणि गळ

१

रविवारी सकाळी दहाला मी दुकानाचं शटर अर्धंच वर करतो. अर्धं शटर म्हणजे गिऱ्हाइकांसाठी दुकान बंद आणि दादासाठी उघडं. दादा गुडघे धरत वाकून आत येतो आणि मागच्या खोलीतल्या त्याच्या ठरलेल्या स्टुलावर बसतो.

माझा धंदा फोटोंना फ्रेम करून देण्याचा. पुढच्या खोलीत भिंतभर लाकडी पट्ट्यांचे नमुने टांगलेले आहेत आणि मागच्या खोलीत काच कापायचं टेबल आहे, दोन माणसं आडवी झोपतील एवढं. त्या वर्षी थंडीभर त्या टेबलावर काम कमी आणि तळ्याचा नकाशा जास्त होता. नकाशा सारखा गुंडाळला जायचा म्हणून मी त्यावर एक जाड काच ठेवून दिली होती. त्या काचेवर दादा पेनाने खुणा करायचा. बोट इथून सुटणार, इथे उथळ आहे, इथे ओढा येऊन मिळतो, मासा इथे लागणार. चुकलं की ओल्या फडक्याने पुसायचं आणि पुन्हा वाद घालायचा.

दादा एकतीस वर्षं बसस्टँडवर घोषणा द्यायचा. त्याचा आवाज ऐकला नाही असा माणूस आमच्या गावात सापडणं कठीण. म्हणायचा एवढंच, की अमुक फलाटावर अमुक गाडी उभी आहे. पण ते असं म्हणायचा की ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांनाही त्या गाडीत बसावंसं वाटे. रिटायर झाला आणि दोन वर्षांत घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही गेलं. आता तो गळ्याला पाडलेल्या नाण्याएवढ्या भोकातून श्वास घेतो, त्यावर पातळ रुमाल बांधतो, आणि बोलतो ते नुसते ओठ हलवून. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. दादाने ते एकदाच लावलं आणि 'चहा' म्हणाला. मिक्सरमध्ये कोणीतरी चहाचा कप टाकल्यासारखा आवाज आला. यंत्र त्याच दिवशी कपाटात गेलं.

ओठ वाचायला मी आठवड्यात शिकलो. वहिनीला महिना लागला. "भांडले की लगेच कळतं, गोड बोलले की कळत नाही," ती म्हणायची, आणि दादा पोट धरून बिनआवाजाचं हसायचा.

खरं सांगायचं तर ती थंडी आमच्या आयुष्यातली एक चांगली थंडी होती.

२

ते तळं डोंगरात, खूप उंचावर आहे. गाडीने सात तास. तळं म्हणायचं आपलं. समोरचा काठ पेन्सिलीच्या रेघेएवढा दिसतो. आम्ही दोघं लहानपणापासून मासे धरतो, पण नदीवर, कालव्यावर. त्या तळ्यावर जायचं म्हणून चाळीस वर्षं नुसतं म्हणत होतो. कधी त्याची ड्यूटी, कधी माझी मुलगी आजारी. ऑपरेशननंतर दादा शुद्धीवर आला आणि त्याने आधी कागद मागितला, तेव्हा आम्हाला वाटलं पाणी हवं असेल. त्याने लिहिलं, 'तळ्याचं बघ.'

डॉक्टर आधी नाहीच म्हणाले. गळ्याला असं उघडं भोक असलेला माणूस पाण्यात पडला की संपलंच. तोंड मिटून उपयोग नाही, पाणी थेट फुफ्फुसात. मग दादाच्या तोंडाकडे बघून त्यांनी अटी घातल्या. जॅकेट अंगातून काढायचं नाही. काठ सोडून लांब जायचं नाही. "आणि गळा सांभाळा."

दादाने वहीत लिहून मला दाखवलं. 'गळा गेला. आता गळच सांभाळतो.'

वहिनीला तो विनोद आवडला नाही. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "भावोजी, तुम्ही काठ सोडणार नाही ना?"

"नाही सोडणार."

"माझ्याकडे बघून सांगा."

मी तिच्याकडे बघून सांगितलं.

३

तळ्याच्या काठावर एकच लॉज आहे. चालवणाऱ्या बाई फोनवर छान बोलायच्या, घाई न करता. डोंगरातला रस्ता उघडला की पहिल्याच दिवशी आम्ही जाणार होतो, म्हणून एका रविवारी मी बोट ठरवायला फोन केला. दादा समोर बसून गळाला कानस मारत होता.

"वल्ह्यांची बोट आहे, इंजिनाची नाही," बाई म्हणाल्या. "चालेल ना?"

"चालेल की. माझ्या दंडात अजून जोर आहे."

त्या हसल्या. त्यांच्या मागे कुठेतरी ताटल्या वाजल्या, आणि एक माणूस म्हणाला, "अरे हळू, हळू. दोरी तुटेल."

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. डोक्याला कळायच्या आधी मानेला कळलं. भरीव आवाज, आणि प्रत्येक वाक्यातला शेवटचा शब्द हलकेच खाली ठेवून द्यायची ती लकब. चौदा महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मी दादाकडे बघितलं. तो गळावर फुंकर मारायला गेला, तोंडाने फुंकर येत नाही हे आठवलं, आणि गळ पँटवर पुसला.

"गर्दी आहे वाटतं आज तुमच्याकडे?" मी विचारलं.

"कसली गर्दी? रस्ता बर्फाखाली आहे. मी आणि माझी मांजर."

"नाही, मागे कोणी बोललं म्हणून."

"मागे?" त्या थांबल्या. बहुतेक मागे वळून बघितलं असावं. "मागे नुसती खिडकी आहे हो."

४

मी भित्रा नाही. काचेचं काम करणारा माणूस भित्रा असला तर बोटं गमावतो. मी आठवडाभर विचार केला आणि चार कारणं काढली. फोनच्या लाइनी एकमेकांत शिरतात. बाईंनी रेडिओ लावला असेल. जगात सारख्या चेहऱ्याची माणसं असतात, तशी सारख्या आवाजाचीही असणार. आणि चौथं म्हणजे मला तो आवाज ऐकायचाच होता. तहानलेल्याला पाणी दिसतं तसं.

चौथ्या कारणाने मला बरं वाटलं. पुढच्या रविवारी मी आमिषाचं विचारायला पुन्हा फोन केला. गांडुळं तिथे मिळतात की इथून न्यायची? हा प्रश्न एका मिनिटाचा होता. मी तो दहा मिनिटं ताणला.

सातव्या मिनिटाला मागून हसू आलं. मोठं, मोकळं, छातीतून आलेलं. मग, "छोट्या, हे बघ! हे बघ केवढा आहे!"

मी चौपन्न वर्षांचा आहे. मला छोट्या म्हणणारा जगात एकच माणूस आहे आणि तो माझ्यासमोर बसून नायलॉनची दोरी रिळावर गुंडाळत होता.

माझा चेहरा बघून दादाने भुवया उडवल्या. काय सांगणार? मी फोन त्याच्या कानाला लावला.

तो ऐकत राहिला. बाई तिकडे गांडुळांबद्दलच काहीतरी सांगत असाव्यात. आधी त्याच्या कपाळावर आठ्या आल्या, मग त्या एकेक करून गेल्या. डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मी कान फोनला भिडवला, आणि मागचा आवाज म्हणत होता, "ऊन छान पडलंय. बस जरा, काय घाई आहे?" दादाचे ओठही तेच म्हणत होते. ऐकून मागून नाही. बरोबर, शब्दाला शब्द.

फोन ठेवल्यावर त्याने डोळे पुसले आणि ओठांनी मला सांगितलं, "मीच आहे."

"दादा, असं कसं असेल?"

"मजेत आहे मी तिकडे," तो म्हणाला. इतक्या खुशीत मी त्याला ऑपरेशनच्या आधीही बघितलं नव्हतं.

५

तिसऱ्या रविवारी दादाने शटरखालून यायच्या आधीच फोनची खूण केली. मी फोन स्पीकरवर टाकला आणि नकाशावरच्या काचेवर ठेवला. या वेळी विचारायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी बाईंना जेवणाच्या वेळा विचारल्या, मग अंथरुणं किती, मग मांजरीची तब्येत.

आवाज आला. कुठल्यातरी माशाबद्दल बोलत होता, निवांत, थांबत थांबत. त्या थांबण्यातच मला नवीन काहीतरी ऐकू आलं. तो थांबला की दुसरं कोणीतरी उत्तर देत होतं. जरा चिरका, घाईघाईचा आवाज. माझ्या ओळखीचा नव्हता.

तेवढ्यात बायको चहा घेऊन मागच्या दाराने आली. आमचं घर दुकानाच्या वरच आहे. तिने ट्रे टेबलाच्या कडेला ठेवला, क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "अहो, हे कधी रेकॉर्ड केलंत? भावोजींचा आवाज किती स्पष्ट आलाय!"

दादाने आणि मी एकमेकांकडे बघितलं.

"आणि दुसरा कोण आहे?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? तुम्ही."

"माझा आवाज असा आहे?"

"असाच आहे. सत्तावीस वर्षं ऐकतेय मी," ती म्हणाली आणि दादाचा कप त्याच्या हातात दिला. "स्वतःला कधी कळलाय का माणसाला आपला आवाज?"

फोनमधून बाई म्हणाल्या, "हॅलो? लाइन गेली का? मला काहीच ऐकू येत नाहीये." मी फोन बंद केला. बायकोला सांगितलं, हो, जुनं रेकॉर्डिंग आहे. ती वर गेल्यावर मी दादाला म्हणालो, "आपण नको जाऊया."

दादाने कप खाली ठेवला. फडकं ओलं केलं आणि काचेवरच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या. मला वाटलं, पटलं त्याला. मग त्याने पेन उघडलं आणि पहिल्यापासून, सावकाश, सगळ्या खुणा पुन्हा केल्या.

६

मी वहिनीकडे गेलो. आवाजाचं सांगितलं नाही; काय सांगणार, आणि कोणत्या तोंडाने? म्हटलं, रस्ता वाईट आहे, हवा वाईट आहे, पुढच्या वर्षी बघू.

ती गॅलरीत दादाचे रुमाल वाळत घालत होती. सारखे चौकोनी, पांढरे, ओळीने अठरा.

"मीच तुम्हाला सांगणार होते की नका नेऊ," ती म्हणाली. "पण महिनाभर बघतेय. सकाळी उठून दाढी करतात. भांडी घासताना माझ्या पाठीवर ताल धरतात. परवा दुपारी खुर्चीत डुलकी लागली तर झोपेत हसत होते. भावोजी, हा माणूस ऑपरेशननंतर वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसला होता. आता तुम्ही त्याला नाही म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा. मला जमणार नाही."

मलाही जमलं नाही.

त्यानंतर मात्र मी फोन केला नाही. आम्ही सामान भरलं. काठ्या, रिळं, दोन जॅकेटं, दादाच्या रुमालांची पिशवी, थर्मास. आणि नवल म्हणजे भरता भरता मीही खूश झालो. चाळीस वर्षांचं घोडं एकदाचं अंगणातून हललं होतं.

७

लॉज स्वच्छ होतं. लाकडी जमीन, खोबणीत उभ्या केलेल्या ताटल्या, खिडकीत झोपलेली मांजर. बाई मी समजत होतो त्याहून बऱ्याच म्हाताऱ्या निघाल्या. आम्ही उजाडताच निघून दुपारी पोचलो होतो. त्यांनी गरम सूप दिलं आणि दादाने दोनदा मागून घेतलं.

फोन भिंतीवर होता, अरुंद बोळात. मी सहज तिथे उभा राहून बघितलं. बोलताना बाईंच्या पाठीशी टेबल नाही, खुर्ची नाही, माणूस बसेल एवढी जागाही नाही. एक खिडकी. खिडकीबाहेर पाणी, जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत.

"तुमच्याआधी कोणीच आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अख्खं तळं तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन निघाल्यावर आम्ही बोट सोडली. वारा नव्हता. डोंगर पाण्यात उलटे उभे होते आणि वल्ह्याने ते मोडले की पुन्हा आपोआप जुळत होते. दादाच्या जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून बघितले. ओढ्याच्या तोंडाशी, नकाशावर जिथे खूण होती तिथेच, पहिल्या तासात आम्हाला तीन ट्राउट लागले. तिसरा दादाचा होता, हाताच्या कोपरापर्यंत लांब. त्याने तो दोन्ही हातांनी धरून मला दाखवला आणि ओठांनी म्हणाला, "छोट्या, हे बघ केवढा आहे!"

मी हसलो. हेच मी फोनवर ऐकलं होतं, तरी हसलो. असा दिवस माणसाला किती वेळा मिळतो?

८

आवाज पाण्यावरून आला. पाण्यावरून आवाज फार लांब जातो, हे मला माहीत आहे.

"छोट्या, इकडे ये रे. इथे खोल आहे."

आत, तळ्याच्या मध्यावर, एक बोट होती. आमच्यासारखीच, वल्ह्यांची. दोन माणसं, आमच्याकडे पाठ करून बसलेली. सकाळपासून तिकडे कोणी नव्हतं. मी दादाच्या तोंडाकडे बघितलं. त्याचे ओठ या वेळी मिटलेले होते. डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू कोणीतरी फार दिवसांनी घरी आलंय.

"ऊन छान आहे इथे," आवाज म्हणाला.

मी वल्हवत होतो. कधीपासून ते मला सांगता येणार नाही. बोटीखालचं पाणी हिरवं होतं ते काळं झालं होतं, आणि काठाकडे बघितलं तर लॉज काडेपेटीएवढं झालं होतं. वहिनीला दिलेला शब्द मला आठवत होता. आठवत होता आणि हात थांबत नव्हते. दादाने जॅकेटचा वरचा पट्टा सोडला. मग दुसरा. अगदी शांतपणे, घरी आल्यावर माणूस कोट काढतो तसा.

तेव्हा त्या बोटीतून दुसरा आवाज आला. चिरका, घाईघाईचा.

"आलो, दादा!"

माझे दात एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. मी बोललो नव्हतो.

दादाने दचकून माझ्याकडे बघितलं. माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं, मग त्या बोटीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिकडे आपण स्वतः आहोत हे त्याला महिनाभर चाललं होतं. तिकडे मीही आहे हे बहुधा त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. तो पुढे झुकला, माझ्या हातांवर हात ठेवून त्याने उजवं वल्हं उलटं मारलं, आणि बोट फिरवली. बासष्ट वर्षांचा, गळ्यातून शीळ घातल्यासारखा श्वास घेणारा माणूस माझ्याबरोबर वल्हवत होता.

बोट फिरत असताना मला एकच दिसलं. तिकडच्या दोघांपैकी जो लहान चणीचा होता, तो मान वळवायला लागला होता. गाल दिसला, कानाचा कोपरा. मी डोळे मिटून घेतले आणि पाणी हिरवं होईपर्यंत उघडले नाहीत.

९

आम्ही त्याच दुपारी निघालो. बाईंना सांगितलं, दादाला थंडी बाधली. वाटेत एक रात्र मुक्काम केला. गाडीत मी सारखा बोलत होतो, घाबरलेला माणूस बोलतो तसा. दादा खिडकीबाहेर बघत होता. दमलाय, म्हणून मी त्याला उत्तराला भाग पाडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. वहिनी आमच्या जिन्यातच उभी होती. तिने दादाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, रुमाल सरळ केला, आणि मला म्हणाली, "आणलंत बाई नीट!" बायकोने बर्फातले मासे बघून नवरा कामाचा निघाला असं जाहीर केलं. तव्यावर तेल तापायला लागलं. स्वयंपाकघरात चार माणसं, खिडकीतून ऊन, ओट्यावर लसणाच्या साली. दादा मोरीपाशी पाट घेऊन मासे साफ करायला बसला. खवले उडत होते आणि तो मजेत होता. संपलं, वाटलं. सुखरूप आलो.

मी वहिनीला तिसऱ्या माशाची गोष्ट सांगत होतो. त्याची लांबी हाताने दाखवली, मग साक्षीला म्हणून दादाला हाक मारली.

"दादा, सांग ना केवढा होता!"

गॅसजवळून बायको वळली. वहिनी तर हसत वळलीच.

"दादा!" मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने. एवढ्या मोठ्याने की बायकोने कानावर हात ठेवला.

तव्यावर तेल तडतडलं तशी दादाने मान वळवून तिकडे बघितलं, मग सुरी पुसली, दुसरा मासा उचलला, आणि समाधानाने त्याचे खवले काढत राहिला.